स्क्रीनवरचे शरीर आणि हाताखालचे शरीर

(फिजिओथेरपीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा हा किंचित संपादित मजकूर.)



मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. मी संगणक अभियंता आहे. तुमच्यासमोर शरीररचनाशास्त्रावर बोलायला मला का बोलावले, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. कारण साधे आहे. मी ज्या गटात काम करतो, तो गट वैद्यकीय शिक्षणासाठी सॉफ्टवेअर तयार करतो. स्क्रीनवर माणसाचे शरीर दिसते. बोटाने त्वचा बाजूला करा, खाली स्नायू दिसतो. स्नायू बाजूला करा, नस दिसते, मग हाड. शरीर हवे तसे फिरवा, हवे तेवढे मोठे करा. तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर असे एखादे ॲप असेलच.

हे काम पाहिले की लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. आता एवढे सगळे स्क्रीनवर दिसते, तर विद्यार्थ्यांना त्या फॉर्मलिनच्या वासात, प्रेताजवळ उभे करायची गरज काय? आणि तुम्ही तर शस्त्रक्रिया करणार नाही. मग फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला मृतदेह कशाला दाखवायचा?

आजचे माझे बोलणे या प्रश्नाचे उत्तर आहे. उत्तर माझ्याच धंद्याच्या थोडे विरोधात जाते, पण ते खरे आहे असे मला वाटते.

आधी एक छोटा प्रयोग करू. सगळ्यांनी उजव्या हाताचा तळवा वर करा. अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला लावा आणि मनगट थोडे आत वाकवा. आता मनगटाच्या मधोमध पाहा. एक दोरी वर आलेली दिसते का? ती पामॅरिस लाँगस या स्नायूची कंडरा. आता डावा हात पाहा. मग शेजारच्याचा पाहा.

या सभागृहात काही जणांना ती दोरी दिसत नाही. घाबरू नका, काही बिघडलेले नाही. काही माणसांत हा स्नायू जन्मतःच नसतो. कुणाच्या एका हातात असतो, दुसऱ्यात नसतो. प्रमाण लोकसमूहागणिक बदलते, पण जगभरातली ढोबळ सरासरी धरली तर शंभरात दहा-पंधरा जण असे निघतात. पकड कमी होत नाही, काम अडत नाही. उलट शरीरात दुसरीकडे कंडरा जोडायची असली की शल्यचिकित्सक बऱ्याचदा हीच काढून वापरतात.

पण तुमच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे. या कंडरेच्या अगदी लगत मीडियन नर्व्ह जाते. रात्री हाताला मुंग्या येतात म्हणून जो रुग्ण येतो, त्याच्या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा या नसेवर मनगटात येणाऱ्या दाबात असते. तुम्ही पाठ केले असेल की दोरी शोधायची, तिच्याजवळ नस सापडते. आणि समोरच्या माणसाला दोरीच नसेल, तर? तेव्हा आसपासच्या बाकीच्या खुणा माहीत असाव्या लागतात. चित्रात एक मनगट असते. तुमच्या टेबलावर रोज वेगळे मनगट येणार आहे.

स्क्रीनवरचे शरीर कुठून आले, हेही तुम्हाला सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने 'व्हिजिबल ह्यूमन प्रोजेक्ट' हाती घेतला होता. टेक्सासमध्ये १९९३ साली मृत्युदंड झालेल्या ३९ वर्षांच्या एका कैद्याने आपला देह विज्ञानासाठी दिला होता. तो देह गोठवला गेला. मग एक-एक मिलिमीटर पृष्ठभाग खरवडून काढायचा आणि प्रत्येक वेळी उघड्या झालेल्या भागाचा फोटो घ्यायचा, असे १,८७१ छेद टिपले गेले. १९९४ साली ही माहिती खुली झाली. एकंदर सुमारे पंधरा गिगाबाइट. आज तेवढे तुमच्या मोबाइलमध्ये सहज मावते. पुढच्या वर्षी मेरीलँडमधल्या ५९ वर्षांच्या एका स्त्रीच्या देहाची अशीच माहिती आली. तिचे छेद आणखी बारीक होते, एक तृतीयांश मिलिमीटरचे, पाच हजारांहून जास्त. जगभरच्या अनेक प्रणालींना या दोन देहांचा आधार मिळाला.

आता विचार करा. त्या कैद्याचे अपेंडिक्स आधीच काढलेले होते. म्हणजे 'माणसाचे शरीर' म्हणून जे जगभर पाहिले गेले, ते एका विशिष्ट माणसाचे शरीर होते, त्याच्या इतिहासासकट. आम्ही अभियंते पुढे काय करतो? अशा माहितीवरून एक नीटनेटके, सरासरी, सर्वांना चालेल असे शरीर बनवतो. नसा पिवळ्या, धमन्या लाल, शिरा निळ्या. प्रत्येक अवयव दुसऱ्यापासून स्वच्छ सुटा. खऱ्या शरीरात असले रंग नसतात. चरबी असते, पातळ पापुद्रे असतात, एक थर दुसऱ्याला चिकटलेला असतो. नस आणि कंडरा यांतला फरक आधी बोटाला कळतो, मग डोळ्याला. तो बोटाचा अनुभव मला कोडमध्ये लिहिता येत नाही.

आणि तुमचा व्यवसाय तर बोटांचाच आहे. शल्यचिकित्सक शेवटी शरीर उघडून पाहू शकतो. तुम्हाला ती सोय नाही. त्वचेच्या वरून आत काय आहे ते ओळखायचे, तेही माणूस जिवंत असताना, त्याला दुखत असताना, तो तुमच्याकडे आशेने पाहत असताना. ज्याला कधीच उघडून पाहता येणार नाही, त्याने एकदा तरी उघडलेले शरीर नीट पाहायला हवे.

एक उदाहरण घेऊ. कांदा काढणी किंवा खुरपणीच्या दिवसांत बायका तासन्‌तास उकिडव्या बसून काम करतात. त्यांतली एखादी तुमच्याकडे येते आणि म्हणते, "पाय घसटतोय, चालताना चप्पल निसटते." पाऊल वर उचलता येत नाही. याला फूट ड्रॉप म्हणतात. आता गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडे खाली हात लावा. हाडाचा एक उंचवटा लागतो. ते फिब्युलाचे डोके. त्याच्या लगेच खाली, हाडाच्या मानेला वळसा घालून कॉमन पेरोनिअल नर्व्ह जाते. तिथे तिच्यावर स्नायूंची गादी नाही. वर त्वचा, खाली हाड. खूप वेळ उकिडवे बसले, प्लास्टर घट्ट बसले, बेशुद्ध रुग्णाचा पाय पलंगाच्या कडेवर बाहेरच्या अंगाने पडून राहिला, की नस तिथे चेपते.

पण पाऊल न उचलता येण्याचे कारण कमरेतही असू शकते. मणक्यांमधली चकती सरकून पाचव्या लंबर नसेचे मूळ दाबले गेले तरी हेच दिसते. मग ओळखायचे कसे? रुग्णाला पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगा. ते काम मुख्यतः टिबिअॅलिस पोस्टीरिअर करतो. त्याला नस येते ती टिबिअल नर्व्ह, म्हणजे दुसऱ्या वाटेने. पण तिचे धागे त्याच पाचव्या मुळातून आलेले असतात. पाऊल आत ताकदीने वळत असेल, तर दोष गुडघ्याजवळ असण्याची शक्यता जास्त. तेही कमजोर असेल, तर कमरेकडे पाहा.

बघा, इथे यंत्र लागले नाही. नसेची वाट डोक्यात असली की झाले. ती वाट माहीत नसलेला माणूस महिनाभर गुडघ्याला शेक देत बसेल आणि कमरेतली नस दाबलेलीच राहील. शेतमजूर बाईसाठी हा महिना म्हणजे महिन्याची मजुरी. प्रश्नपत्रिकेत या माहितीला दोन गुण असतील. तिच्या घरात तिची किंमत वेगळी आहे.

दुसरे उदाहरण माझ्या घरातले. माझे अब्बा एस.टी.त चालक होते. त्यांना मधुमेह आहे. निवृत्तीनंतर त्यांचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना, सदऱ्याची बाही चढवता येईना. पहिल्यांदा जिथे दाखवले, तिथे पंधरा दिवस यंत्राचा शेक दिला. हात लावून कुणी पाहिले नाही. नंतर एका तरुण फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेलो. त्यांनी पहिली वीस मिनिटे कुठलेच यंत्र चालू केले नाही. आधी अब्बांना स्वतः हात उचलायला सांगितला. मग त्यांना हात सैल सोडायला सांगून स्वतः तो फिरवून पाहिला. कोपर अंगाला लावून हात बाहेरच्या बाजूला फिरवला, तर तो फिरेचना.

त्यांनी मला जे समजावले, ते माझ्या लक्षात राहिले. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर टेकलेला मोठा चेंडू. बशी लहान, म्हणून हात सगळीकडे फिरतो. आणि बशी लहान, म्हणूनच तो चेंडू जागेवर ठेवायला चार स्नायूंचा वेढा लागतो, त्याला रोटेटर कफ म्हणतात. त्या वेढ्यातली कंडरा फाटली असेल, तर रुग्णाला स्वतः हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर तो बऱ्यापैकी वर जातो. सांध्याभोवतीची पिशवीच आक्रसली असेल, तर रुग्णाने उचलला काय आणि तुम्ही उचलला काय, हात अडतोच, आणि सगळ्यात जास्त अडतो तो बाहेर फिरवताना. हा फ्रोझन शोल्डर, आणि मधुमेह असलेल्यांत तो जास्त आढळतो. दोन्हीकडे तक्रार एकच, "खांदा दुखतो." पण एकाचा व्यायाम दुसऱ्याला दिला तर नुकसान होऊ शकते.

अब्बांना बरे व्हायला बरेच महिने लागले. आज ते स्वतः सदरा घालतात. त्या ताईंच्या हातात जे होते, ते पहिल्या वर्षाच्या शरीररचनेच्या तासाला पेरले गेले असणार.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. फुप्फुसाचे टोक कॉलर बोनच्या आतल्या भागामागून दोन-तीन सेंटिमीटर वर, मानेच्या मुळाशी येते. हल्ली दुखऱ्या स्नायूत सुई टोचण्याची पद्धत, ड्राय नीडलिंग, बरीच रूढ होत आहे. खांद्याच्या वरच्या भागात सुईची दिशा किंवा खोली चुकली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकते. तसेच मानेचे. वर्टिब्रल आर्टरी ही मेंदूकडे रक्त नेणारी धमनी सहाव्या मणक्यापासून वरच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून चढत जाते आणि कवटीत शिरण्याआधी वळण घेते. आपल्याकडे केस कापून झाले की सलूनमध्ये 'कट्‌' असा आवाज काढून मान मोडून घेणारे लोक कमी नाहीत. तुमच्याकडेही लोक येतील आणि म्हणतील, "एकदा मान मोडून द्या, मोकळे वाटेल." नाही कधी म्हणायचे, हेही शरीररचनाच शिकवते.

आता थोडा इतिहास. रोमन काळात गेलनने शरीररचनेवर प्रचंड लिहिले. पण त्याचे विच्छेदन बहुतांशी माकडांवर आणि डुकरांवर झाले होते. तरी त्याचे ग्रंथ हजार वर्षांहून अधिक काळ प्रमाण मानले गेले. माणसाच्या खालच्या जबड्यात दोन हाडे असतात, असे त्याने लिहिले होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते तसेच पाठ केले. बाराव्या-तेराव्या शतकात अब्दुल लतीफ अल-बगदादी नावाचे एक विद्वान होऊन गेले. इसवी सन १२०० नंतरच्या दोन वर्षांत इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा ते तिथे होते. कैरोजवळ मृतांच्या सांगाड्यांचा ढीग पडला होता. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दोन हजारांहून अधिक कवट्या तपासल्या आणि नोंदवून ठेवले की खालचा जबडा हे एकच हाड आहे, त्यात जोड दिसत नाही. गेलनबद्दल त्यांना आदर होता. पण डोळ्यांनी पाहिलेले त्यांनी ग्रंथापेक्षा वरचे मानले. शरीररचनेला अरबी-उर्दूत 'तशरीह' म्हणतात. त्याच शब्दाचा अर्थ उलगडून सांगणे असाही होतो.

आपल्या देशात १८३६ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजमध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी मानवी देहाचे विच्छेदन केले. आयुर्वेद शिकलेल्या, उच्च जातीतल्या माणसाने प्रेताला हात लावणे ही त्या काळी किती मोठी गोष्ट होती, हे तुम्हाला सांगायला नको. आणि तुमच्या शास्त्राचे बोलायचे तर मुंबईत पोलिओची साथ आली आणि त्यानंतर १९५३ साली के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. लुळ्या पडलेल्या मुलाचा कोणता स्नायू गेला आहे आणि कोणता अजून जिवंत आहे, हे हाताने चाचपून ठरवणे हाच त्या कामाचा पाया होता.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येतो. तुमच्या विच्छेदन कक्षात जो देह आहे, तो कुणाचा आहे?

हा प्रश्न जुना आहे. १८२८ साली एडिनबरोमध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसांचे खून केले आणि ती प्रेते शरीररचना शिकवणाऱ्या एका डॉक्टरला विकली. मारले गेलेले बहुतेक गरीब, एकटे, कुणी शोधायला येणार नाही असे लोक होते. त्यानंतर ब्रिटनमध्ये १८३२ चा ॲनॅटॉमी ॲक्ट आला. खून थांबले, पण त्या कायद्याने हक्क न सांगितलेली प्रेते वापरायला मुभा दिली, म्हणजे पुन्हा गरीबगृहांत आणि रुग्णालयांत मेलेले गरीबच. आपल्याकडे १९४९ चा ॲनॅटॉमी कायदा आहे. बेवारस मृतदेह, आणि पुढे दान केलेले देहही, वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची तरतूद त्यात आहे.

बेवारस म्हणजे कोण? फलाटावर झोपणारा, घर सोडून शहरात आलेला मजूर, नातेवाईकांनी टाकून दिलेली म्हातारी. ज्याला जिवंतपणी कधी फिजिओथेरपी मिळाली नाही, त्याच्या खांद्यावर तुम्ही खांदा शिकता. हे टोचायला हवे. म्हणूनच स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांची संख्या वाढली पाहिजे असे मला वाटते. संमती देऊन आलेला देह आणि कुणी विचारायला नव्हते म्हणून आलेला देह, यांत फरक आहे.

देहदानाबद्दल आपल्या समाजांत वेगवेगळ्या भावना आहेत, त्यांचीही चर्चा मोकळेपणाने व्हावी. मुस्लिम घरांत मृतदेहाचा मान राखणे आणि वेळेत दफन करणे याला फार महत्त्व आहे. धर्मपंडितांतही मतभेद आहेत. काहींना देहदान मान्य नाही. काही म्हणतात, शिक्षणाची गरज असेल, संमती असेल आणि अवशेषांचे नंतर सन्मानाने दफन होत असेल, तर हरकत नाही. आमच्या घरातही एकमत नाही. मला देहदान करायचे आहे. अम्मीला दफनच हवे आहे, आणि तिची इच्छा तशीच पाळली जाईल. संमतीचा अर्थच हा की नकारालाही तितकाच मान. दधीचीची गोष्ट ऐकत मोठ्या झालेल्या घरांतही अग्नी दिल्याशिवाय मन शांत होत नाही, हे आपण पाहतोच. म्हणून कुणावर जबरदस्ती नको, फक्त विषय घरात निघू दे.

ज्यांना करायचे आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज मिळतो. त्यावर साक्षीदारांच्या सह्या लागतात. पण खरे महत्त्व घरच्यांच्या संमतीला आहे, कारण मृत्यूनंतर देह पोहोचवायचा तो त्यांनीच. मृत्यूचा दाखला लागतो आणि काही तासांतच कळवावे लागते. शवविच्छेदन झालेला देह किंवा काही संसर्गजन्य आजार असलेला देह सहसा स्वीकारत नाहीत. नेत्रदान करून देहदान बहुधा करता येते. बारकावे महाविद्यालयागणिक बदलतात, म्हणून आधी विचारून ठेवा.

मग माझ्या सॉफ्टवेअरचे काय? ते वापरा, जरूर वापरा. विच्छेदन कक्षातला तास संपतो, ॲप रात्री दोन वाजताही उघडते. नसेची वाट मुळापासून टोकापर्यंत एका नजरेत पाहायला ते उत्तम. सांधा हलताना कोणता स्नायू आखडतो, हे स्थिर प्रेतात दिसत नाही, ॲनिमेशनमध्ये दिसते. तालुक्याच्या ठिकाणी, जिथे देहच उपलब्ध नाही, तिथे ते मोठा आधार आहे. पण कुठल्याही संस्थाचालकाने 'आम्ही टेबलाएवढी स्क्रीन घेतली, आता प्रेताची गरज नाही' असे सांगितले, तर विद्यार्थी म्हणून तुम्ही प्रश्न विचारा. फी तुम्ही भरता आणि उद्या रुग्ण तुमच्या हाताखाली येणार आहे.

बहुतेक ठिकाणी फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना स्वतः विच्छेदन करायला मिळत नाही, आधी उलगडून ठेवलेले भाग दाखवले जातात. ठीक आहे. पण मागच्या रांगेत उभे राहून मोबाइलवर फोटो पाहू नका. पुढे या. हातमोजे घाला, परवानगी घेऊन हात लावा. कंडरा ओढली की कोणते बोट हलते ते पाहा. त्या देहाचे फोटो काढू नका, त्यावर विनोद करू नका. आणि त्याच संध्याकाळी वसतिगृहात मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या हातावर, विचारून, तीच कंडरा चाचपा. सकाळी मृत शरीरात पाहिलेले संध्याकाळी जिवंत शरीरात सापडले, की मग ते पाठ करावे लागत नाही.

पुढच्या आठवड्यात तुमचा विच्छेदन कक्षातला पहिला तास आहे, असे सरांनी सांगितले. काहींना मळमळेल, काहींना रात्री झोप लागणार नाही. लाज वाटून घेऊ नका, शिक्षकांशी बोला. आणि टेबलाजवळ गेल्यावर पुस्तक उघडण्याआधी त्या माणसाच्या हाताकडे एकदा पाहा. मनगटावर ती दोरी आहे की नाही, तेवढे तपासा. तिथून सुरुवात करा.